देगलूर ते जेद्दा : माइल्सचा हिशेब

देगलूरला रेल्वे नाही. विमानतळाचा तर प्रश्नच नाही. तरीही आमच्या गावात विमानाने ये-जा करणारी माणसे कमी नाहीत. कुणी दुबईत ड्रायव्हर आहे, कुणी दोह्यात एसी दुरुस्तीचे काम करतो, कुणी रियाधला दुकानात आहे. उमराहला जाऊन आलेले तर जवळजवळ प्रत्येक मोहल्ल्यात भेटतात. तिकिटाचे पैसे किती कष्टाने जमवले जातात हे मी आसपास रोज पाहते. त्या तिकिटाबरोबर प्रवाशाच्या नावावर आणखी काही जमा होत असते, किंवा होऊ शकते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. विमान कंपन्या त्याला माइल्स किंवा पॉइंट म्हणतात. ते मागावे लागतात. न मागितले तर बुडतात.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. विमानाशी माझा संबंध सुट्टीपुरताच. पण खालाला उमराहला पाठवायचे ठरले तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या प्रवासाचा हिशेब मांडायचे काम माझ्याकडे आले, कारण घरात कागद वाचायची सवय मलाच. त्यातून जे समजले ते इथे मांडते.

आधी रस्त्याविषयी. नांदेडला विमानतळ आहे. २७ एप्रिल २०१७ रोजी केंद्र सरकारच्या 'उडान' योजनेतली पहिली विमाने सुटली, त्यांत नांदेड–हैदराबाद हे एक होते. ते ट्रूजेट कंपनीचे. ती सेवा पुढे बंद पडली. २०२४ मध्ये स्टार एअरने नांदेडहून पुन्हा उड्डाणे सुरू केली. पण देगलूरकरांना नांदेड म्हणजे ऐंशी किलोमीटर उलट्या दिशेला जाणे. आम्ही सरळ हैदराबादचा रस्ता धरतो. १९५६ पर्यंत आम्ही हैदराबाद राज्यातच होतो. जुनी माणसे अजूनही हैदराबादला 'शहर' म्हणतात, तेवढ्याने कुणालाही कळते. मोठा दवाखाना, लग्नाचे कापड, आणि आता विमान, सगळे तिकडेच.

अकोल्याहून नांदेड, देगलूर करत संगारेड्डीला जाणारा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आमच्या गावावरून जातो. देगलूर सोडले की थोड्याच वेळात मदनूर येते आणि पाट्यांवरची देवनागरी जाऊन तेलुगू अक्षरे सुरू होतात. पिटलम, निजामपेट, शंकरमपेट, जोगीपेट, मग संगारेड्डी. तिथून पुढे शहरात न शिरता आउटर रिंग रोडने शमशाबाद. विमानतळ २००८ च्या मार्चमध्ये तिथे गेला, त्याआधी बेगमपेठला होता. बेगमपेठ शहरातच असल्यामुळे निरोप देणाऱ्यांची सोय होती. आताही उमराहला जाणाऱ्या एका माणसामागे दोन गाड्या भरून माणसे निघतात, फुलांचे हार, डबे, रडणारी लहान मुले. दारावरचा जवान तिकीट नसलेल्या कुणालाही आत सोडत नाही, तरी सगळे येतात. या दोन गाड्यांचे भाडे आणि डिझेल जोडले तर किती होते, हा हिशेब मी एकदा घरात बोलून दाखवला. कुणाला आवडला नाही.

शमशाबादहून जेद्दा सरळ रेषेत सुमारे ४,१०० किलोमीटर आहे, म्हणजे अडीच हजार मैलांहून थोडे जास्त. दुबई सुमारे २,५५० किलोमीटर, म्हणजे सोळाशे मैल. इतके मैल उडाला म्हणून इतके माइल्स खात्यात, अशी मूळ कल्पना. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी ही पद्धत मोठ्या प्रमाणावर सुरू केली. गिऱ्हाईक पुन्हा आपल्याच विमानात बसावे एवढाच तिचा हेतू. किराणा दुकानदार जुन्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत मूठभर शेंगदाणे जास्त टाकतो, तसेच. आता बऱ्याच कंपन्यांनी अंतराऐवजी तिकिटाची किंमत किंवा भाड्याचा वर्ग धरायला सुरुवात केली आहे. त्यामुळे 'माइल्स' हे नावापुरते मैल राहिले आहेत.

आपल्या लोकांच्या उपयोगाची खाती मोजकीच. सौदियाचे अल्फुर्सान, एमिरेट्सचे स्कायवर्ड्स, कतार एअरवेजचे प्रिव्हिलेज क्लब, ज्यात २०२२ पासून पॉइंटना एव्हिऑस म्हणतात. एअर इंडियाचे पूर्वीचे फ्लाइंग रिटर्न्स आता महाराजा क्लब झाले आहे. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली तेव्हा तिच्या सभासदांची खातीही इकडे आली. इंडिगोने २०२४ मध्ये ब्लूचिप सुरू केले. या सगळ्यांत खाते उघडायला पैसे लागत नाहीत. मोबाइलवर दहा मिनिटांचे काम आहे.

खात्यात दोन प्रकारची मोजणी चालते, आणि इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. एक माइल्स खर्च करायचे : त्यातून तिकीट निघते, किंवा तिकिटाचा काही भाग. दुसरे माइल्स इभ्रतीचे : ते खर्च होत नाहीत, वर्षभरात किती जमले त्यावर तुमचा दर्जा ठरतो. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशी त्याची नावे. वर्ष संपले की ही मोजणी पुन्हा शून्यावर येते.

या दर्जाच्या मागे आपल्यापैकी बहुतेकांनी लागू नये असे माझे स्पष्ट मत आहे. एमिरेट्सच्या सिल्व्हरसाठी वर्षात २५,००० दर्जाचे माइल्स किंवा २५ उड्डाणे लागतात. दुबईत काम करणारा आमचा माणूस वर्षाकाठी एकदा सुट्टीवर येतो. ती झाली दोन उड्डाणे. त्याच वर्षी दुबईत विमान बदलून उमराह केला तर आणखी चार. सहा आणि पंचवीस यांत किती अंतर आहे ते पाहा. हा दर्जा महिन्या-महिन्याला माल आणायला जाणाऱ्या व्यापाऱ्याचा, कंपनीच्या खर्चाने फिरणाऱ्या इंजिनिअरचा. घरात असा कुणी असेल तर त्याने जरूर घ्यावा, आणि लाउंजमधल्या फुकटच्या चहापेक्षा सामानाकडे लक्ष द्यावे. जिथे सामान वजनावर मोजतात तिथे एमिरेट्स सिल्व्हरला १२ किलो, गोल्डला १६ आणि प्लॅटिनमला २० किलो जास्त नेऊ देते. सुट्टीवर येणाऱ्याच्या घरी बारा किलो म्हणजे काय हे मी सांगायला नको. एक जाड कंबल, सगळ्या भाच्यांचे कपडे आणि खजुरांचे डबे, यांतले काहीही मागे ठेवावे लागत नाही. काउंटरवर बॅग उघडून, सगळ्यांच्या देखत साबणाच्या वड्या बाहेर काढण्याची वेळ ज्याच्यावर आली आहे त्याला या बारा किलोंची किंमत कळेल.

आपल्या कामाचे आहेत ते पहिले, खर्च करायचे माइल्स. ते एका माणसाचे कधी पुरत नाहीत. कुटुंबाचे मिळून पुरतात.

आमच्या घरातली गोष्ट सांगते. भाईजान अकरा वर्षे दुबईत आहेत. भाभी आणि दोन मुले सुट्टीत तिकडे जाऊन येतात. हे सगळे एकाच आखाती कंपनीच्या विमानाने, कारण शमशाबादहून तिची वेळ सोयीची. भाईजानच्या नावाने सभासद क्रमांक होता. तिकीट काढणाऱ्या एजंटने कधीतरी काढून दिलेला. पण त्या खात्यात ईमेल आणि मोबाइल एजंटचा. त्यामुळे खात्यात काय येते, काय जाते, मुदत कधी संपते याचा एकही संदेश भाईजानपर्यंत पोहोचला नाही. त्या कंपनीत माइल्सची मुदत तीन वर्षांची. आम्ही खाते उघडून पाहिले तेव्हा आधीच्या सगळ्या वर्षांचे गेलेले होते. भाभीचे आणि मुलांचे खातेच नव्हते. त्यांच्या जुन्या प्रवासांचा दावा करायची मुदत संपलेली. फक्त शेवटच्या सुट्टीचे बोर्डिंग पास भाभीने मुलांच्या वहीत जपून ठेवले होते, म्हणून तेवढे मिळाले. मुलांना बोर्डिंग पासवरचे विमानाचे चित्र आवडले होते, हे त्याचे कारण.

मग भाईजानच्या खात्यातला ईमेल बदलून घेतला. त्याला दीड महिना गेला. भाभी आणि मुलांची खाती उघडली आणि सगळी एका कौटुंबिक खात्यात जोडली. एमिरेट्स, कतार आणि एअर इंडिया अशा मोठ्या कंपन्यांत ही सोय असते. घरातले कुणीही उडो, माइल्स एका ठिकाणी पडतात. पुढच्या सुट्टीनंतर हिशेब केला तर खालाचे हैदराबाद ते जेद्दा, दुबईमार्गे, एका बाजूचे तिकीट निघत होते. दोन्ही बाजूंचे नाही. शिवाय माइल्सवर काढलेले तिकीट पूर्ण फुकट नसते. विमानतळाचा कर, सरकारी कर आणि कंपनीचे काही आकार रोख भरावे लागतात. ते भरले, येतानाचे तिकीट विकत घेतले, आणि तरीही बऱ्यापैकी रक्कम वाचली. खालाने ती मक्केत मुलाकडून कुणाकुणाला देऊन टाकली. त्यावर मी काही बोलले नाही.

खालाबरोबर तिचा मुलगा होता, त्याचे तिकीट रोखीचे. माइल्सचे आणि रोखीचे तिकीट वेगवेगळ्या पीएनआरवर निघते. कंपनीला फोन करून दोन्ही पीएनआर एकमेकांना जोडून घ्यावे लागतात, नाहीतर आई एका टोकाला आणि मुलगा दुसऱ्या. आमच्या खालाला इंग्रजी येत नाही, हिंदी थोडे, दख्खनी भरपूर. तिला एकटीला बसवणे शक्यच नव्हते. एक फोन केला आणि काम झाले.

आणखी एक अडचण सुट्टीची. माइल्सवर मिळणाऱ्या जागा प्रत्येक विमानात थोड्या असतात. रमजान, मे महिना, दिवाळी या दिवसांत त्या सर्वांत आधी संपतात. आम्हा शिक्षकांना नेमके तेव्हाच जाता येते. कंपन्या साधारण अकरा महिने आधी जागा उघडतात, तेव्हाच पाहावे. किंवा घरातल्या ज्यांना शाळेचे बंधन नाही अशा वडीलधाऱ्यांना रबीउलअव्वल-रबीउलआखिरच्या आसपास, गर्दी कमी असताना पाठवावे. आम्ही तेच केले.

उमराहच्या ग्रुपने जाणाऱ्यांनी एक गोष्ट आधी विचारून घ्यावी. टूरवाले ग्रुपच्या भाड्याने तिकिटे घेतात आणि अशा तिकिटांवर बऱ्याच कंपन्या माइल्स देत नाहीत, किंवा फार थोडे देतात. हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांची विमाने खास हजसाठी ठरवलेली असतात. तिथे माइल्सची आशाच ठेवू नये. टूरवाल्याला आधी विचारले तर तो रागावणार नाही. परत आल्यावर विचारले तर त्याच्याही हातात काही नसते.

माइल्स साठवून ठेवण्यात शहाणपण नाही. ते पैसे नव्हेत, कंपनीचा शब्द आहे. किंगफिशरची विमाने २०१२ च्या ऑक्टोबरात थांबली आणि तिच्या सभासदांच्या पॉइंटवर उडायला विमानच उरले नाही. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी बंद पडली, पण तिची माइल्सची योजना वेगळ्या कंपनीत होती म्हणून ती इंटरमाइल्स या नावाने पुढे चालली. असे नशीब दरवेळी नसते. शिवाय कंपन्या अधूनमधून दर वाढवतात. आज जेवढ्यात तिकीट निघते तेवढ्यात पुढच्या वर्षी निघेलच असे नाही. जमले की वापरावे.

दोन हजार रुपये जास्त देऊन, केवळ माइल्ससाठी, आपल्या खात्याच्या कंपनीचे तिकीट घेऊ नये. त्या दोन हजारांचे माइल्स कधीच दोन हजारांचे नसतात. भाडे सारखे असेल तेव्हाच खाते पाहावे. आणि खाते एक-दोन कंपन्यांतच ठेवावे. चार कंपन्यांत थोडे थोडे विखुरले की कुठेच काही निघत नाही.

काही बहिणींनी मला विचारले, हे घेणे जायज आहे का? मी आलिमा नाही, आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावे. मला जेवढे समजते ते एवढेच, की तिकीट घेतल्यावर दुकानदाराने स्वतःहून दिलेली ही सूट आहे. क्रेडिट कार्डावर माइल्स मिळतात ती गोष्ट मात्र निराळी. तिथे एखाद्या महिन्याचे बिल पूर्ण भरायचे राहिले की व्याज सुरू होते, आणि ते वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास जाते. व्याज देऊन मिळवलेल्या माइल्सवर कुणाला उमराहला पाठवायचे, हा विचारच मला सोसत नाही. नोकरीच्या कामासाठी कंपनीने तिकीट काढले असेल तर त्यावरचे माइल्स सहसा प्रवाशाच्याच खात्यात जातात, पण काही मालकांचे नियम वेगळे असतात. ती अमानत आहे. विचारून घ्यावे. आणि 'तुमचे माइल्स आम्हाला विका, रोख देतो' असे म्हणणारे लोक हैदराबादेत भेटतात, त्यांच्या नादी लागू नये. कंपन्यांच्या नियमात माइल्स विकायला मनाई असते आणि पकडले गेल्यास खातेच बंद होते.

आता नावाचा प्रश्न. माझ्या मते आपल्या लोकांचे माइल्स सर्वांत जास्त बुडतात ते नावामुळे. खात्यावरचे नाव आणि तिकिटावरचे नाव जुळले नाही तर संगणक माइल्स जमा करत नाही. आणि आपली नावे कशी असतात ते माझ्यासारख्या शिक्षिकेला रोज दिसते. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये 'शेख' किंवा 'सय्यद' कधी पुढे, कधी मागे. 'मोहम्मद'ची इंग्रजी स्पेलिंग एकाच घरात चार प्रकारची, थोरल्या भावाची पूर्ण, धाकट्याची दोन अक्षरांची. बाईच्या नावापुढे माहेरी 'बी', सासरी 'बेगम', आधार कार्डावर 'खातून'. पुढे शाळेच्या दाखल्यावरून आणि आधारवरून पासपोर्ट निघतो, आणि अधिकारी समोरच्या कागदावर जे दिसते तेच लिहितो. काही पासपोर्टांत आडनावाची जागा रिकामीच असते. अशा एकाच नावाच्या पासपोर्टवर भेटीच्या व्हिसाने येणाऱ्यांना संयुक्त अरब अमिरातीने २०२२ च्या नोव्हेंबरपासून प्रवेश नाकारायला सुरुवात केली. ही अट आली तेव्हा कित्येकांची तिकिटे काढून झालेली होती.

भाभीच्या बाबतीत तेच झाले. पासपोर्टवर 'शेख' आडनावाच्या रकान्यात, एजंटने काढलेल्या तिकिटावर ते नावाच्या आधी, आणि खात्यावर आम्ही भरले ते तिसऱ्याच पद्धतीने. दावा दोनदा परत आला. तिसऱ्यांदा पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत आणि बोर्डिंग पास, दोन्ही जोडून पाठवले तेव्हा माइल्स आले. म्हणून खाते उघडताना पासपोर्ट समोर ठेवावा आणि त्यात खालच्या दोन ओळींत, बाणांच्या खुणांमध्ये नाव जसे छापले आहे, अक्षरन् अक्षर तसेच भरावे. तिकीट काढणाऱ्यालाही तेच दाखवावे, आणि सभासद क्रमांक तिकिटात घालायला सांगावे. शमशाबादच्या काउंटरवर बॅग देताना पुन्हा एकदा विचारावे की क्रमांक दिसतो आहे ना. बोर्डिंग पासवर तो छापलेला असतो. घरी येऊन खात्यात माइल्स दिसेपर्यंत तो तुकडा फेकू नये. राहिलेले माइल्स मागायला साधारण काही महिन्यांची मुदत असते आणि ती कंपनीगणिक वेगळी आहे.

आमच्या शाळेत आता पहिलीत नाव घालायला पालक येतात तेव्हा मी दोन्ही पालकांचे पासपोर्ट असतील तर सोबत आणायला सांगते, आणि मुलाचे नाव इंग्रजीत कसे लिहायचे ते त्यांच्यासमोर कागदावर लिहून घेते. थोरल्या भावंडाचा दाखलाही बघते. एका वडिलांनी विचारले, मॅडम, मुलगा सहा वर्षांचा आहे, आत्तापासून कशाला? मी त्यांना थोरल्या मुलीच्या दाखल्यावरचे नाव आणि त्यांच्या स्वतःच्या पासपोर्टवरचे नाव शेजारी-शेजारी ठेवून दाखवले. 'मोहम्मद'च्या स्पेलिंगमध्ये तीन अक्षरांचा फरक होता. ते अर्ज परत घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आले.